शेजाऱ्याच्या धर्माविषयी खरी साक्ष

मिशनच्या किंवा चर्चच्या शाळेत शिकलेल्या वाचकांना पुढील दृश्य चांगलेच परिचयाचे असेल. आठवड्यातून एकदा ठरावीक तासाची घंटा होते आणि वर्गाचे दोन भाग पडतात. ख्रिस्ती मुले आपापली पुस्तके घेऊन धर्मशिक्षणासाठी ग्रंथालयात किंवा प्रार्थनामंदिरात जातात; उरलेली मुले वर्गातच बसतात व त्यांना नीतिशिक्षणाचे पाठ दिले जातात. एकीकडे दाविदाची कथा चालते, दुसरीकडे प्रामाणिक लाकूडतोड्याची. चाळीस मिनिटांनी दोन्ही गट पुन्हा एकत्र येतात आणि भूमितीचा तास सुरू होतो. पलीकडच्या खोलीत काय झाले हे एकमेकांना विचारू नये असा काही नियम नसतो. पण कोणी विचारीत नाही.

प्रस्तुत लेखकाने सुमारे तीस वर्षे अशा शाळांमध्ये अध्यापन केले, त्यांतील बरीच वर्षे महाराष्ट्राबाहेर. ही विभागणी मला इतकी स्वाभाविक वाटत होती की तिच्याविषयी कधी विचारही केला नव्हता. विचार करणे भाग पडले ते एका मुलामुळे.

इयत्ता नववीचा वर्ग होता. भाषेच्या पाठात काही निमित्ताने दशावतारांचा उल्लेख आला आणि मी सहज बोलून गेलो की गौतम बुद्ध हे विष्णूचे नववे अवतार होत. मागील बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला. त्याचे कुटुंब नागपूरकडचे, नोकरीनिमित्त त्या गावी आलेले. तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, "सर, आमच्या घरी तसं मानत नाहीत. तसं मानणार नाही अशी आमच्या आजोबांनी दीक्षाभूमीवर प्रतिज्ञा घेतली होती." मी "बरं, बस" असे म्हणून पुढील कडव्याकडे वळलो. त्या क्षणी मला दुसरे काहीच सुचले नाही.

घरी गेल्यावर मात्र ते शब्द मनातून जाईनात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली आणि आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. बुद्धाला विष्णूचा अवतार मानणे हे खोटे आहे, अशा अर्थाची एक स्पष्ट प्रतिज्ञा त्यांत आहे. हे मला ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते. परंतु भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील चित्र आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तकातील यादी यांचा माझ्या जिभेवर अधिक ताबा होता. वैष्णव परंपरेत बुद्धाची गणना अवतारांत केली जाते, हे विधान खरे आहे. बुद्ध हे अवतार होत, हे विधान एका मुलाच्या आजोबांच्या प्रतिज्ञेला त्याच्याच समोर खोटे ठरविणारे आहे. दोन्ही वाक्यांत अंतर चार शब्दांचे. पण त्या चार शब्दांत त्या मुलाचे घर होते.

आणि ही जखम आपणा ख्रिस्ती लोकांना अपरिचित नाही. माझ्या विद्यार्थिदशेत एका गुरुजींनी वर्गात सांगितले होते की ख्रिस्ती लोकांचे तीन देव असतात व त्यांचा धर्म इंग्रजांबरोबर या देशात आला. वर्गातील सगळ्या माना माझ्याकडे वळल्या होत्या. त्रैक्याचा सिद्धांत समजावून सांगण्याचे माझे वय नव्हते, आणि इंग्रज येण्यापूर्वी कितीतरी शतके केरळात ख्रिस्ती मंडळी नांदत होती, हे मलाही माहीत नव्हते. मी खाली मान घालून बसलो. नववीतला तो मुलगा माझ्यापेक्षा धीट निघाला, एवढेच.

दहा आज्ञांमध्ये शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई आहे. (ही आज्ञा आठवी की नववी, हे आपल्या पंथांच्या गणनेवर अवलंबून असते, कॅथॉलिक व प्रोटेस्टंट मुले एकाच वर्गात असली की हाच एक उत्तम पाठ होतो.) या आज्ञेचा अर्थ आपण न्यायालय, व्यवहार आणि चहाडी यांपुरता मर्यादित ठेवतो. शेजाऱ्याच्या धर्माविषयी आपण जे बोलतो तीही साक्षच होय. माध्यमिक शाळेतील शिक्षक चाळीस मुलांपुढे, अधिकाराने, अशी साक्ष देत असतो. ती खरी असावी अशी सोय आपल्या शाळांत आहे काय, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू, कारण या विषयाचे नाव काढताच व्यवस्थापक मंडळी घाबरतात. भारतीय संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदानुसार, पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत ते देता येते. परंतु कोणालाही त्यास वा उपासनेस संमतीवाचून बसविता येत नाही, आणि विद्यार्थी अज्ञान असल्यास पालकाची संमती लागते. आपल्या बहुतेक शाळा या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

येथे 'धार्मिक शिक्षण' याचा अर्थ कोणता? हाच प्रश्न डिसेंबर १९४८ मध्ये संविधानसभेत उपस्थित झाला होता. ज्या संस्कृत पाठशाळांत वेद, स्मृती, उपनिषदे शिकविली जातात त्यांचे काय होणार, अशी शंका बंगालच्या एका सभासदांनी विचारली. डॉ. आंबेडकरांनी दिलेले उत्तर प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. एखाद्या धर्माचे सिद्धांत सत्य म्हणून मनावर बिंबविणे हे एक, आणि त्या धर्माचा अभ्यास करणे हे दुसरे. बंधन पहिल्यावर आहे, दुसऱ्यावर नाही, असा त्यांचा आशय होता. उदाहरणादाखल त्यांनी इस्लामचा एकेश्वरवाद व अखेरच्या प्रेषितावरील विश्वास यांचा निर्देश केला. सर्वोच्च न्यायालयानेही हाच भेद पुढे मान्य केला. १९७१ मध्ये पंजाबातील डी. ए. व्ही. महाविद्यालयाच्या खटल्यात गुरू नानकांच्या जीवनाचा व शिकवणुकीचा अभ्यास हे धार्मिक शिक्षण ठरत नाही असे न्यायालयाने म्हटले. आणि २००२ मध्ये अरुणा रॉय यांच्या याचिकेवरील निकालात, निरनिराळ्या धर्मांची माहिती शाळेत देण्यास २८ वा अनुच्छेद आड येत नाही असा निर्वाळा दिला.

शिक्षणतज्ज्ञांनीही या गोष्टीची शिफारस वेळोवेळी केली. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४–६६) धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण असा स्पष्ट भेद केला व दुसऱ्याचा अभ्यासक्रमात समावेश असावा असे सुचविले. आपले जे. पी. नाईक या आयोगाचे सदस्य-सचिव होते. फेब्रुवारी १९९९ मध्ये शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीनेही सर्व प्रमुख धर्मांचा मूलभूत परिचय विद्यार्थ्यांना व्हावा असे मत नोंदविले. अहवाल आले, चर्चा झाल्या. आपल्या बहुतेक शाळांच्या वेळापत्रकात मात्र त्यासाठी स्वतंत्र तास आला नाही. इतिहासाच्या पुस्तकात दोन परिच्छेद आणि परिपाठात एक सुविचार, एवढ्यावर मुले शाळा सोडतात. सणांच्या सुट्ट्या मात्र त्यांना तोंडपाठ असतात.

हे आपल्या हातून का झाले नाही, याचे एक कारण आपल्याच इतिहासात आहे, आणि ते प्रांजळपणे सांगितले पाहिजे. डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले व त्यांनी १८३२ साली शाळा काढली. ते मोठे विद्वान होते. पारशी धर्मग्रंथांचा अभ्यास करून त्यांनी १८४३ साली त्या धर्मावर एक मोठा ग्रंथही प्रसिद्ध केला. परंतु त्या सर्व ज्ञानाचा रोख खंडनाकडे होता. १८३९ साली त्यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मुंबईत प्रचंड खळबळ उडाली, प्रकरण न्यायालयात गेले आणि शाळेतील विद्यार्थ्यांची संख्या एकदम घसरली. त्या तरुणांच्या श्रद्धेविषयी मला आदरच आहे. पण तेव्हापासून मिशन शाळेतील धर्माचा तास म्हणजे एक तर बाप्तिस्म्याची पूर्वतयारी किंवा वादविवादाचा आखाडा, अशी समजूत लोकांत रुजली. पुढे आपण आखाडा सोडला व त्याबरोबर विषयही सोडला. त्या जागी नीतिशिक्षण आले, ज्यात कोणाच्याच देवाचे नाव घ्यावे लागत नाही.

याच परंपरेत दुसरा एक प्रवाहही होता. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनी आयुष्याची अखेरची वर्षे एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास यांच्या चरित्रांचा व वाङ्‌मयाचा इंग्रजी अनुवाद करण्यात घालविली. १९२६ पासून ती ग्रंथमाला पुण्याहून निघाली. येशूसंघीय फादर गी दलरी पंढरीच्या वारीत पायी चालले, आणि विठोबाच्या उपासनेवरील त्यांचा ग्रंथ १९६० साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. वारकऱ्यांनी वाचावा व आपले म्हणून ओळखावे, असे हे काम होते. आपल्या धर्मशिक्षकांना विल्सनचे नाव ठाऊक असते, अ‍ॅबटचे क्वचितच.

आता थोडे इंग्लंडकडे वळू. तिकडे वळण्याचे कारण असे की संमतीचे जे कलम आपल्या संविधानात आहे त्याच्याशी मिळतीजुळती तरतूद तेथील १८७० च्या शिक्षण कायद्यात होती. आणि धर्मांविषयीचे शिक्षण हा माध्यमिक शाळेतील रीतसर विषय करण्याचा प्रयोग तेथे दीर्घकाळ चालला आहे. १९४४ च्या कायद्याने तेथील शाळांत धर्मशिक्षण व सामुदायिक उपासना आवश्यक ठरली, पालकास आपले मूल त्यातून काढून घेण्याचा हक्कही मिळाला. प्रत्यक्षात तो बायबलचाच तास होता. पुढे भारत, पाकिस्तान व कॅरिबियन बेटांतून कुटुंबे येऊन स्थायिक झाली आणि बर्मिंगहॅमसारख्या शहरातील वर्गाचा चेहरा बदलला. १९६७ साली लँकेस्टर विद्यापीठात धर्म-अध्ययनाचा विभाग निनियन स्मार्ट यांनी सुरू केला. त्यांचे म्हणणे असे की धर्म म्हणजे केवळ मतांची यादी नव्हे; विधी, कथा, तत्त्वज्ञान, नीती, समाजव्यवस्था आणि अनुभव या सर्व अंगांनी तो पाहिला पाहिजे. बर्मिंगहॅमच्या १९७५ च्या अभ्यासक्रमाने ख्रिस्ती धर्माबरोबर इतर धर्म, इतकेच नव्हे तर मानवतावाद व साम्यवाद यांसारख्या निरीश्वर विचारसरणीही वर्गात आणल्या. त्यावर बरेच वादळ उठले. १९८८ च्या कायद्याने ख्रिस्ती परंपरेचे प्राधान्य नमूद करून इतर प्रमुख धर्मांचा विचार करणे बंधनकारक केले. अखेर २०१८ मध्ये एका आयोगाने या विषयाला 'धर्म आणि जीवनदृष्टी' असे नाव देण्याची शिफारस केली. त्या आयोगाचे अध्यक्ष वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीचे डीन होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शासनाने ती शिफारस लगेच स्वीकारली नाही; वेल्समध्ये मात्र २०२१ च्या कायद्याने 'धर्म, मूल्ये आणि नीतिशास्त्र' हा विषय आला.

'जीवनदृष्टी' या शब्दाची गरज काय? जो स्वतःस कोणत्याच धर्माचा म्हणवीत नाही त्याच्याजवळही मनुष्य कोण, दुःख का, मृत्यूनंतर काय, बरोबर कशाला म्हणावे, या प्रश्नांची काही उत्तरे असतात. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख लोकांच्या धर्माची नोंद झाली नाही, आणि सुमारे ७९ लाख लोक 'इतर धर्म' या सदरात मोजले गेले. त्यांतील मोठा भाग सरना मानणाऱ्या आदिवासींचा आहे. सहा धर्मांचे सहा कप्पे केले तर ही मुले कोणत्या कप्प्यात बसवायची? इंग्लंडच्या अनुभवातून घेण्याजोगी गोष्ट हीच, आणि टाळण्याजोगी गोष्टही त्याच अनुभवात आहे: एका आठवड्यात एक धर्म, त्याचे चिन्ह, त्याचा सण, त्याचे पक्वान्न, अशी संग्रहालयातील फेरी. तीतून मुलांच्या हाती चित्रकलेची वही लागते, समज लागत नाही.

मग काय करावे? मी पुढे काही वर्षे जे केले त्यातील एकच पाठ सविस्तर सांगतो. विषय: उपवास.

आधीच्या आठवड्यात मुलांना घरी विचारून येण्यास सांगितले: तुमच्याकडे कोण उपवास करते, केव्हा, काय खात नाहीत, कोणाला सूट असते, आणि का? वर्गात बोलताना एकच नियम. 'आमच्या धर्मात' असे म्हणायचे नाही, 'आमच्या घरी' असे म्हणायचे. हा नियम लहान दिसतो, पण सारा पाठ त्यावर उभा आहे. धर्मग्रंथात काय सांगितले आहे, समाजात काय चालते आणि आमच्या स्वयंपाकघरात काय घडते या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, व पंधरा वर्षांच्या मुलाला तिसरीविषयीच खात्रीने बोलता येते. शिवाय एकट्या मुस्लिम किंवा एकट्या ख्रिस्ती मुलास साऱ्या धर्माचा वकील बनविण्याचा जुलूम त्यामुळे टळतो.

एक मुलगी म्हणाली की तिची आजी दर पंधरवड्याला एकादशी करते. लगेच मागून कोणीतरी 'एकादशी आणि दुप्पट खाशी' म्हणाले व वर्ग हसला. साबुदाण्याची खिचडी, वरईचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी ही यादी ऐकून मलाही हसू आवरले नाही. मग दुसरा नियम ठरला: ज्याचा उपवास त्यानेच त्याची थट्टा करावी. तेव्हा ख्रिस्ती मुलांनी कबूल केले की राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे रविवार वगळून चाळीस दिवस पाळायचे, पण त्यांच्या घरी मटण बंद होते आणि मासळी वाढते. रोजा ठेवणाऱ्या मुलाने सांगितले की पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाणीदेखील घ्यायचे नाही. आजारी व प्रवासी यांना सूट असते, पण ते दिवस नंतर भरून काढावे लागतात. जैन मुलीने पर्युषणाची माहिती दिली: काहीजण कित्येक दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर राहतात, श्वेतांबरांचे पर्व आठ दिवसांचे तर दिगंबरांचे दहा, आणि शेवटी सर्वांची क्षमा मागायची असते. दीक्षाभूमीचा तो मुलगा त्या वर्षी वर्गात नव्हता. पण त्याच समाजातील एकीने पौर्णिमेचे उपोसथ व अष्टशील यांविषयी सांगितले की त्या दिवशी दुपारनंतर अन्न घ्यायचे नाही. वर्गात नसलेल्यांपैकी बेने इस्राएल लोकांचा उल्लेख मी केला. कोकणातील हे मराठी बोलणारे यहुदी योम किप्पूरच्या कडक उपवासाला पूर्वी 'दारफाळणीचा सण' म्हणत, कारण त्या दिवशी दारे लावून घेत. हे नाव मुलांना फार आवडले.

इथवर येऊन थांबलो असतो तर पाठ गोड झाला असता: पाहा, सर्व धर्म उपवास सांगतात, म्हणजे सर्व धर्म एकच! आपल्याकडील समारंभांतून हेच ऐकू येते. पण ते खरे नाही. झरथुष्ट्राच्या धर्मात अन्नत्याग हे पुण्य मानलेले नाही. देह सुदृढ ठेवून सृष्टीचे काम करावे, अशी त्यामागील दृष्टी आहे. शीख गुरूंनीही उपवासाला धार्मिक महत्त्व दिले नाही. आणि १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात जतीन दास ६३ दिवसांच्या उपोषणानंतर मरण पावले, त्याच उपोषणात सहभागी असलेले भगतसिंग निरीश्वरवादी होते. देव न मानताही मनुष्य अन्न सोडतो. देव मानणारा अन्न सोडणे चूक समजतो. वर्ग गप्प झाला. पुढच्या तासाला मुलांनीच विचारले, "सर, मग उपवास कशासाठी असतो?" एकादशीला आजी विठोबाजवळ राहू पाहते, जैन साधक कर्माची निर्जरा करू पाहतो, मुस्लिम ईश्वराज्ञा पाळतो, ख्रिस्ती मनुष्य प्रभूच्या दुःखसहनाचे स्मरण करून पश्चात्ताप करतो. ही एकाच वस्तूची चार नावे नव्हेत. त्यांना एक म्हणणे हीदेखील खोटी साक्षच होय, फक्त ती हसतमुखाने दिलेली असते.

शेवटी प्रत्येकाने आपल्या नसलेल्या एका परंपरेविषयी दहा ओळी लिहिल्या आणि त्या परंपरेच्या मुलाने त्या तपासल्या. गुण मी दिले, पण दुरुस्त्या त्यांच्या होत्या. एका ख्रिस्ती मुलाने रोज्याविषयी 'उपाशी राहून देवाला खूश करतात' असे लिहिले होते. त्यावर त्याच्या मित्राने शिसाने लिहिले होते, 'भूक काय असते ते कळावं म्हणूनही.' अशी तपासणी नेहमीच पुरेशी असते असे नाही. एकाच घरातील दोघांची मते भिन्न असतात, आणि काही गोष्टी अशा असतात की त्या सांगितलेल्या अनुयायांना आवडत नाहीत. जातिभेद, स्त्रियांची स्थिती, धर्माच्या नावाने झालेला छळ, हे विषय दहावीच्या मुलांपासून लपविता येत नाहीत. येथे मी एकच क्रम पाळला: दोषांची चर्चा नेहमी शिक्षकाच्या धर्मापासून सुरू व्हावी. म्हणून गोव्यातील इन्क्विझिशनविषयी (१५६० ते १८१२) माझ्या वर्गाने माझ्या तोंडून ऐकले, आणि आपल्या मंडळ्यांतून जात अजून गेलेली नाही, काही गावी स्मशानभूमीतही ती आडवी येते, हेही मीच सांगितले. त्यानंतर इतर मुलांनी आपापल्या घरच्या गोष्टी काढल्या. मला एकही विचारावी लागली नाही.

आपल्या मंडळीतून येणाऱ्या हरकतींचा विचार केल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. एका वडीलधाऱ्या बंधूंनी मला विचारले होते, "मास्तर, आपली पोरं डळमळली तर?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. श्रद्धा दिली जाते ती घरी, उपासनेत, रविवारच्या शाळेत; ते काम वर्गातील तासाने होत नाही व त्याने ते करूही नये. परंतु आपल्या मुलाला आज ना उद्या महाविद्यालयात, वसतिगृहात, रेल्वेच्या डब्यात इतरांचे धर्म भेटणारच आहेत. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७ पाहावा. अथेनै येथे पौल बोलण्यास उभा राहतो, पण त्यापूर्वी तो नगरात हिंडला आहे, त्यांच्या पूजास्थानांकडे त्याने लक्ष देऊन पाहिले आहे, वेदीवरील लेख वाचला आहे, त्यांचे कवी त्याला ठाऊक आहेत. मूर्ती पाहून त्याचा आत्मा खवळला होता, हेही तेथे लपविलेले नाही. तरीही त्याने त्यांच्याविषयी जे सांगितले ते ऐकून कोणी 'हे आमच्याकडे नाही' असे म्हटले नाही. योहानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशू शोमरोनी स्त्रीशी बोलतो तेव्हा यहुदी व शोमरोनी यांच्या उपासनेतील भेद तो पुसून टाकीत नाही, आणि त्या भेदापायी संभाषणही तोडीत नाही.

दुसरी हरकत भीतीची आहे, आणि आजच्या दिवसांत ती निराधार नाही. अनेक राज्यांत धर्मांतरविषयक कायदे आहेत. ओडिशाचा १९६७ चा व मध्य प्रदेशचा १९६८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये वैध ठरविला, आणि त्यानंतर इतर राज्यांनीही असे कायदे केले. मिशन शाळेत धर्माचा तास म्हटला की संशय येणारच. माझा अनुभव असा की उघडपणा हे येथे सर्वांत चांगले संरक्षण आहे. अभ्यासक्रम छापून जूनमध्येच पालकसभेत वाटावा. अभ्यासाला संमती कायद्याने लागत नसली तरी पालकांची सही घ्यावी. हा तास प्रार्थनामंदिरात नव्हे, वर्गातच घ्यावा, व त्याला प्रार्थना जोडू नये. ज्या पालकाला पाहावयाचे असेल त्याने मागच्या बाकावर येऊन बसावे. माझ्या वर्गात एक गृहस्थ सलग तीन आठवडे येऊन बसले होते. चौथ्या आठवड्यात त्यांनी घरची गाथा आणून मुलांना दाखविली.

आणि मूल जर सरळ विचारू लागले, "सर, तुम्ही काय मानता?" तर? त्याला उत्तर द्यावे. एका वाक्यात, लाज न बाळगता: "मी प्रभू येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवतो." पुढील वाक्य पुन्हा पाठाचे असावे. ज्याला अधिक ऐकावयाचे असेल तो शाळा सुटल्यावर, पालकांच्या माहितीने, विचारू शकतो. स्वतःला काहीच मत नाही असे भासविणारा शिक्षक मुलांना खरा वाटत नाही.

त्या नववीच्या मुलाचे एक सांगावयाचे राहिले. प्रसंगानंतर दोन दिवसांनी मी वर्गात जाऊन माझे वाक्य मागे घेतले व योग्य वाक्य फळ्यावर लिहिले: वैष्णव परंपरेत असे मानतात, बौद्ध असे मानत नाहीत. त्याने ते वहीत उतरून घेतले नाही. बाकीच्या मुलांनी घेतले. त्याला त्याची गरज नव्हती, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

अभ्यासमंडळासाठी प्रश्न

१. आपल्या शेजारी राहणाऱ्या कुटुंबाच्या श्रद्धेविषयी आपण जे समजतो, त्यातील किती त्यांच्याकडून ऐकलेले आहे व किती इतरांकडून?

२. प्रे. कृत्ये १७:१६–३४ वाचा. बोलण्यापूर्वी पौलाने काय काय पाहिले होते, त्याची नोंद करा.

३. आपल्या मंडळीच्या शाळेतील नीतिशिक्षणाचे पुस्तक पुढील सभेस आणा. त्यात कोणत्या समाजांची मुले दिसतात आणि कोणती दिसत नाहीत?